चोवीस प्रश्न आणि समोरचे मूल: ‘बाल कार्यक्षमता प्रश्नसंच’ आठ वर्षे वापरल्यानंतर

दिव्यांग मुलांच्या शिक्षणातून शेवटी काय निष्पन्न होते, ती वाचायला-लिहायला शिकतात का, शाळेत टिकतात का आणि शाळा सुटल्यावर कुठे जातात, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. या विषयात पाऊल टाकणाऱ्याला वाटते की अवघड भाग निकाल मोजण्याचा असेल. प्रत्यक्षात पहिली ठेच त्याच्या कितीतरी आधी लागते, ती ‘कोणाचे निकाल?’ या प्रश्नाशी. एका यादीत वैद्यकीय प्रमाणपत्र असलेली मुले असतात, दुसऱ्या यादीत शिक्षकांना ‘मागे पडलेली’ वाटणारी मुले असतात, तिसऱ्या यादीत पालकांनी स्वतःहून सांगितलेली मुले असतात आणि या तिन्ही याद्यांमध्ये समाईक नावे फार थोडी निघतात. युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुप या अपंगत्वाच्या सांख्यिकीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने मिळून तयार केलेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘चाइल्ड फंक्शनिंग मॉड्यूल’, म्हणजे बाल कार्यक्षमता प्रश्नसंच, याच ठेचेवरचा उपाय म्हणून पुढे आला. मी तो तीन प्रकारे वापरला आहे: घरोघर जाऊन स्वतः प्रश्न विचारताना, माहिती गोळा करणाऱ्या प्रगणकांना प्रशिक्षण देताना, आणि या प्रश्नसंचावर आधारलेल्या खुल्या डेटाचे विश्लेषण करताना.

माझे मत आधीच सांगते, म्हणजे पुढचे तपशील वाचताना ते कशासाठी आहेत हे कळेल. अपंगत्व असलेली मुले किती आणि कोणती, हे घरोघरच्या पाहणीत शोधण्यासाठी आज याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही. मात्र शाळेने त्या मुलांचे काय केले, हे या एकट्या साधनाच्या आधारे सांगू गेल्यास अभ्यासक स्वतःचीही फसगत करतो आणि वाचकाचीही.

मी कामाला सुरुवात केली तेव्हा बहुतेक पाहण्यांत एकच प्रश्न असे: घरात कोणी अपंग आहे का? या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे म्हणजे अनोळखी माणसासमोर आपल्या मुलावर एक शिक्का मारून घेणे, हे प्रत्येक आईला कळत असे. लाज हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की ज्या मुलाला एका कानाने नीट ऐकू येत नाही, किंवा ज्याला सांगितलेले पाच मिनिटांत आठवत नाही, ते मूल घरच्यांच्या लेखी अपंग नसतेच. त्यांच्या मनात अपंगत्व म्हणजे चाकाची खुर्ची किंवा पूर्ण अंधत्व. परिणामी आकडे हास्यास्पद वाटावेत इतके कमी येत आणि त्या आकड्यांवरून शाळांची तरतूद ठरे. १९८० च्या दशकात दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी ‘दहा प्रश्नांची चाळणी’ तयार झाली, ती त्या मानाने पुष्कळच पुढचे पाऊल होती. तिची रचना दोन टप्प्यांची होती: आधी आईला होय-नाही स्वरूपाचे दहा प्रश्न, आणि चाळणीत अडकलेल्या मुलांची नंतर तज्ज्ञांकडून तपासणी. दुसरा टप्पा खर्चिक असल्यामुळे अनेक ठिकाणी तो झालाच नाही आणि चाळणीचा कच्चा आकडाच अंतिम आकडा म्हणून फिरत राहिला. सर्वसमावेशक शिक्षणाची भाषा १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्यापासून सर्वत्र बोलली जात होती, २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराने २४ व्या अनुच्छेदात शिक्षणाचा हक्क आणि ३१ व्या अनुच्छेदात आकडेवारी गोळा करण्याची जबाबदारीही लिहून ठेवली होती. पण दोन देशांचे किंवा दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवावेत अशी मोजपट्टी कोणाकडे नव्हती.

या प्रश्नसंचाच्या दोन आवृत्त्या आहेत. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी सोळा प्रश्न आणि पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी चोवीस. त्याहून लहान बाळांसाठी तो मुद्दाम ठेवलेला नाही, कारण त्या वयात मुलामुलांच्या वाढीत इतका स्वाभाविक फरक असतो की अडचण कोणती आणि उशीर कोणता हे आईच्या उत्तरावरून ठरवता येत नाही. मोठ्या मुलांच्या आवृत्तीत तेरा क्षेत्रे येतात: पाहणे, ऐकणे, चालणे, स्वतःची कामे स्वतः करणे, बोलणे समजणे-समजावणे, शिकणे, लक्षात ठेवणे, लक्ष एकाग्र करणे, बदल स्वीकारणे, वागण्यावर ताबा ठेवणे, मैत्री करणे, चिंता आणि नैराश्य. उत्तरे होय-नाही अशी नसून चार पायऱ्यांची आहेत: काहीच अडचण नाही, थोडी अडचण, खूप अडचण, अजिबात जमत नाही. चिंता आणि नैराश्याच्या बाबतीत मात्र ‘किती वेळा’ असे विचारले जाते. प्रश्न आईला, आई नसेल तर मुलाची मुख्य काळजी घेणाऱ्या व्यक्तीला विचारायचे असतात. संपूर्ण प्रश्नसंचात ‘अपंग’ हा किंवा त्याच्या आसपासचा एकही शब्द नाही. माझ्या मते या साधनाची सर्वांत मोठी कमाई ही आहे.

ती कमाई कागदावर वाचून कळत नाही. एका घरी मी आठ वर्षांच्या एका मुलाविषयी विचारत होते. आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत उत्तरे देत होती, हात थांबत नव्हते. ऐकण्यात अडचण? “नाही.” चालण्यात? “नाही, धावतो चांगला.” मग संवादाचे दोन प्रश्न आले. तो बोलतो ते घरातल्या माणसांना समजायला अडचण येते का? “नाही, आम्हांला सगळं कळतं.” आणि घराबाहेरच्या माणसांना? तिचे हात थांबले. समोरचा सदरा अर्धा दुमडलेला तसाच मांडीवर राहिला. “बाहेरच्यांना नाही कळत. अजिबात नाही. मीच बोलते ना त्याच्या वतीनं.” थोड्या वेळाने तिने स्वतःच जोड दिली, “शाळेत मी नसते.” त्या घरात मी जुना प्रश्न विचारला असता, घरात कोणी अपंग आहे का, तर उत्तर ‘नाही’ आले असते आणि ते तिच्या बाजूने प्रामाणिकच असते. घरातल्यांना आणि बाहेरच्यांना असे दोन प्रश्न वेगळे ठेवणाऱ्या माणसांनी मुलांच्या आयुष्याकडे किती बारकाईने पाहिले असेल, याची जाणीव मला त्या अर्ध्या दुमडलेल्या सदऱ्याने करून दिली.

इतर प्रश्नांतही असा बारकावा आहे. पाहण्याविषयी विचारण्याआधी मूल चष्मा लावते का हे विचारले जाते आणि लावत असेल तर अडचण चष्म्यासह मोजली जाते, म्हणजे ज्याचा प्रश्न चष्म्याने सुटला आहे ते मूल उगाच यादीत येत नाही. श्रवणयंत्राचेही तसेच. चालण्याच्या प्रश्नात शंभर आणि पाचशे मीटर ही अंतरे येतात आणि ती स्थानिक माणसाच्या डोळ्यांसमोर येतील अशा खुणांनी सांगायची असतात. एकाग्रतेचा प्रश्न मुलाला आवडणाऱ्या गोष्टीविषयी विचारलेला आहे. कंटाळवाण्या धड्याकडे लक्ष न देणारे निरोगी मूल त्यात अडकत नाही. शिकण्याचा आणि वागण्यावरच्या ताब्याचा प्रश्न ‘त्याच्या वयाच्या मुलांच्या तुलनेत’ असा आहे.

इतक्या विचाराने केलेला प्रश्नसंच वापरणाऱ्याच्या हातात बिघडायला फारसा वेळ लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. एका पाहणीत, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, मी नंतर सामील झाले तेव्हा एका पथकाच्या सगळ्या अर्जांत ‘काहीच अडचण नाही’ या उत्तरांची रांगच लागलेली दिसली. चौकशी केल्यावर कळले की वेळ वाचावा म्हणून प्रगणक उत्तराच्या चार पायऱ्या वाचून दाखवत नव्हते. ‘काही अडचण नाही ना?’ असे विचारून पुढे जात होते. प्रश्नाच्या शेवटचा तो ‘ना’ उत्तर आधीच देऊन टाकतो. त्या पथकाची माहिती आम्हांला बाजूला ठेवावी लागली आणि त्या घरांतली मुले, ज्यांच्यासाठी ही सगळी खटपट होती, पुन्हा एकदा कुठल्याच आकड्यात आली नाहीत. तेव्हापासून प्रशिक्षणाचा निम्मा वेळ मी प्रश्न समजावण्यात न घालवता ते मोठ्याने, शब्दाला शब्द, चारही पर्यायांसह वाचून घेण्यात घालवते. प्रस्तावनेत ‘आम्ही अपंग मुलांची पाहणी करत आहोत’ असे वाक्य सहज बोलून जाणारे प्रगणकही मी पाहिले आहेत. त्या एका वाक्याने चोवीस प्रश्नांची सगळी सावधगिरी वाया जाते. भाषांतराच्या बाबतीतही तेच. ‘खूप अडचण’ आणि ‘थोडी अडचण’ यांतले अंतर प्रत्येक भाषेत, प्रत्येक बोलीत सारखे नसते आणि ते आधी काही पालकांशी बोलून तपासून घेतले नाही तर आकड्यांतला फरक मुलांचा आहे की शब्दांचा, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

आता डेटाविषयी, कारण बहुतेक अभ्यासकांची या प्रश्नसंचाशी गाठ प्रत्यक्ष घरात पडत नाही, संगणकावर पडते. युनिसेफच्या पाठबळाने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चालणाऱ्या ‘मिक्स’ या घरोघरच्या पाहण्यांच्या सहाव्या फेरीपासून हा प्रश्नसंच त्यांत समाविष्ट झाला. नाव नोंदवून, डेटा कशासाठी हवा हे लिहून दिले की या पाहण्यांच्या फायली विनामूल्य उतरवून घेता येतात. विद्यार्थ्याला, लहान संस्थेला, कोणत्याही मोठ्या विद्यापीठाचा आधार नसलेल्या माणसाला हे दार उघडे असणे ही साधी गोष्ट नाही. प्रत्येक पाहणीच्या फायली ठरावीक नावांच्या असतात, कुटुंबाची वेगळी, सदस्यांच्या यादीची वेगळी, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांची वेगळी, आणि समूह क्रमांक, घर क्रमांक व ओळ क्रमांक या तिघांच्या आधारे त्या एकमेकींना जोडता येतात. फायली एसपीएसएस या सांख्यिकी प्रणालीच्या स्वरूपात असल्या तरी ‘आर’ या विनामूल्य प्रणालीत त्या सहज उघडतात.

एक खड्डा मात्र नवख्या माणसाने आधीच पाहून ठेवावा. पाच ते सतरा वर्षांच्या प्रश्नावलीसाठी घरातल्या सगळ्या मुलांची माहिती घेतली जात नाही. यादृच्छिक पद्धतीने एकच मूल निवडले जाते. एकुलते एक मूल असलेल्या घरात ते मूल निवडले जाणारच. पाच मुले असलेल्या घरात प्रत्येकाची संधी पाचात एक. म्हणून या फायलीला स्वतःचा भारांक, म्हणजे बेरजेत प्रत्येक मुलाला किती वजन द्यायचे हे सांगणारा आकडा, आहे आणि कुटुंबाचा भारांक लावून चालत नाही. माझ्या पहिल्या विश्लेषणात मी नेमके तेच केले होते आणि मोठ्या कुटुंबांतली मुले माझ्या तक्त्यांत हवी तेवढी उमटलीच नाहीत. ज्या घरांत मुले जास्त, तिथे बहुधा पैसा कमी आणि शाळाही दूर, तेव्हा चूक नेमकी त्याच मुलांच्या बाबतीत झाली होती जी मला शोधायची होती. एका सहकाऱ्याने तक्ता पाहताक्षणी ते ओळखले आणि सगळे गणित नव्याने करावे लागले.

शिक्षणाच्या अभ्यासकाला या पाहण्यांत सर्वांत मोलाची वाटावी अशी गोष्ट म्हणजे सात ते चौदा वर्षांच्या मुलांना घरीच दिली जाणारी वाचन आणि अंकज्ञानाची छोटी चाचणी. मूल शाळेत जात असो वा नसो, ती दिली जाते. याचे महत्त्व शाळांतल्या आंतरराष्ट्रीय परीक्षांशी तुलना केली की लक्षात येते. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची ‘पिसा’ ही परीक्षा शाळेत असलेल्या मुलांचीच होते आणि तिच्या नियमांनुसार एकूण विद्यार्थ्यांपैकी पाच टक्क्यांपर्यंत मुले वगळण्याची मुभा आहे. त्या वगळण्याच्या कारणांत शारीरिक आणि बौद्धिक अपंगत्वही येते. पाच टक्के हा आकडा देशाच्या सरासरीला धक्का लावत नाही, पण ज्याच्या अभ्यासाचा विषयच त्या पाच टक्क्यांत बसलेला आहे, त्याच्यासाठी ती परीक्षा जवळजवळ निरुपयोगी ठरते. घरी घेतलेल्या चाचणीत शाळा सोडलेले मूलही असते, कधीच शाळेत न गेलेले मूलही असते. याच डेटाच्या आधारे युनिसेफने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ४२ देशांचा तुलना करता येण्याजोगा डेटा होता. जगात अपंगत्व असलेली जवळजवळ २४ कोटी मुले आहेत, म्हणजे दर दहा मुलांत एक; ही मुले कधीच शाळेत न गेलेली असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा ४९ टक्क्यांनी अधिक आहे; आणि वाचन व अंकज्ञानाची पायाभूत कौशल्ये त्यांच्यात असण्याची शक्यता ४२ टक्क्यांनी कमी आहे. माझ्या कामाच्या पहिल्या वर्षांत असे एक वाक्यही आम्हांला पुराव्यासह लिहिता येत नव्हते. आज ते लिहिता येते आणि शिक्षण खात्याच्या बैठकीत कोणी ‘अशी मुले आमच्याकडे फार नाहीत’ असे म्हटले तर समोर ठेवता येते.

मग उणीव कुठे आहे? पहिली उणीव मला सर्वांत गंभीर वाटते आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. प्रश्नसंचातल्या तेरा क्षेत्रांत शिकणे, लक्षात ठेवणे आणि एकाग्रता ही तीन क्षेत्रे आहेत. ‘त्याच्या वयाच्या मुलांच्या तुलनेत शिकण्यात खूप अडचण’ असे आईने सांगितले की ते मूल अपंगत्व असलेल्या गटात मोजले जाते. पुढे अभ्यासक त्याच गटाच्या वाचनाची तुलना इतरांशी करतो आणि ‘या मुलांना वाचन कमी येते’ असा निष्कर्ष काढतो. ज्या गोष्टीवरून गट पाडला, तीच गोष्ट निष्कर्ष म्हणून परत हाती आली. त्याहून वाईट शक्यता अशी की मूल धडधाकट आहे, शाळेत शिकवतच कोणी नाही, आईला दिसते की मुलाला काही येत नाही, ती ‘शिकण्यात अडचण’ असे सांगते आणि शाळेचे अपयश मुलाचे अपंगत्व म्हणून नोंदले जाते. प्रश्नसंच करणाऱ्यांचा यात दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्यांचे काम मोजणीचे होते आणि मोजणीसाठी ते क्षेत्र हवेच. बौद्धिक अपंगत्व असलेली मुले त्याशिवाय सुटतील. दोष तुलना करणाऱ्याचा आहे. मी आता प्रत्येक विश्लेषण दोनदा करते, एकदा तेराही क्षेत्रे धरून आणि एकदा शिकण्याशी निगडित तीन क्षेत्रे बाजूला ठेवून, आणि दोन्ही आकडे छापते. दोन्हींत किती फरक पडतो हे वाचकाला दिसले पाहिजे. त्याहीपुढे, जिथे मुलांची संख्या पुरते तिथे क्षेत्रवार आकडे द्यावेत, कारण ऐकण्यात अडचण असलेले मूल आणि चालण्यात अडचण असलेले मूल शाळेत एकाच दाराने अडत नाहीत. संख्या अनेकदा पुरत नाही, हे खरे. हजारो मुलांच्या पाहणीतही ऐकण्यात खूप अडचण असलेली शाळकरी मुले मोजकीच निघतात आणि त्यांची पुन्हा मुलगे-मुली, गरीब-श्रीमंत अशी विभागणी केली तर आकड्यांत काही अर्थ उरत नाही.

उलट टोकाला चिंता आणि नैराश्य ही दोन क्षेत्रे आहेत. अनेक देशांच्या आकडेवारीत मोठ्या मुलांच्या एकूण संख्येतला सर्वांत मोठा वाटा याच दोन क्षेत्रांतून येतो. ‘रोज’ हे उत्तर आले की मूल गटात येते. ही मुले मोजली जावीत याविषयी मला शंका नाही, परंतु त्यांतली पुष्कळ मुले वाचनात इतरांच्या बरोबरीने असतात, आणि सगळ्यांची एकच सरासरी काढली की दृष्टी, श्रवण किंवा संवादात गंभीर अडचण असलेल्या मुलांची मोठी दरी त्या सरासरीत झाकली जाते. धोरण ठरवणाऱ्याला तो आकडा सुसह्य वाटतो आणि तिथेच विषय संपतो.

चाचणीचीही एक मर्यादा आहे. वाचनाची गोष्ट छापील पुस्तिकेतून वाचायची असते. ब्रेल वाचणाऱ्या मुलीसमोर ती ठेवली तर काय नोंदले जाईल, हे सांगायला नको. सांकेतिक भाषेत शिकलेल्या मुलाला गोष्ट कळली की नाही हे मोठ्याने वाचायला सांगून तपासता येत नाही. म्हणजे ज्या मुलांना त्यांच्या शाळेने उत्तम शिकवले असेल, त्यांचेही शिकणे या चाचणीला दिसत नाही. ४२ टक्क्यांच्या त्या दरीत मुलांना न आलेले किती आणि चाचणीला न दिसलेले किती, याचा विचार केल्याशिवाय तो आकडा पुढे करू नये असे मला मनापासून वाटते. शिवाय पाहणी घरांची असल्यामुळे वसतिगृहात, निवासी विशेष शाळेत किंवा बालगृहात राहणारी मुले तिच्या बाहेर राहतात. अपंगत्व असलेल्या मुलांच्या बाबतीत ही वगळणूक किरकोळ मानता येणार नाही.

‘खूप अडचण’ ही गटात येण्याची पायरी उंच आहे, असेही मत वरचेवर ऐकू येते. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी ती योग्य आहे. शाळेत मदत कोणाला द्यायची हे ठरवायचे असेल तेव्हा मात्र ती उंच पडते. फिजीमध्ये पालकांची आणि शिक्षकांची उत्तरे मुलांच्या प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहिली गेली, तेव्हा पाहणे आणि ऐकणे यांसारख्या बाबतींत ‘थोडी अडचण’ या पायरीपासून मुले धरल्यास खरोखर अडचण असलेली मुले अधिक सापडतात असे दिसले. म्हणून मी ‘थोडी अडचण’वाल्या मुलांना ‘अडचण नसलेल्यांत’ ढकलत नाही. त्यांचा तिसरा गट ठेवते. बहुतेक वेळा त्यांचे निकाल दोन्ही गटांच्या मधोमध पडतात आणि आपण आखलेली रेघ मुलांनी आखलेली नाही, हे तक्त्यातच दिसते.

शेवटची उणीव काळाची आहे. एका पाहणीत मूल एकदाच भेटते. बारा वर्षांच्या ज्या मुलीला वाचता येत नाही, तिला कधीच शिकवले गेले नाही, की ती शिकून विसरली, की शाळा बदलल्यावर तिची आबाळ झाली, हे एका भेटीत कळत नाही. अमेरिकेत विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारे राष्ट्रीय अभ्यास झाले आहेत. २००० पासून चाललेल्या दुसऱ्या अभ्यासात तेरा ते सोळा वर्षांची ११,००० हून अधिक मुले होती आणि ती शाळेतून बाहेर पडल्यावर नोकरीत, पुढच्या शिक्षणात, स्वतंत्र राहण्यात कुठवर पोचली हे पाहिले गेले. शिक्षणाची फलश्रुती या शब्दाचा अर्थ मला तिथे दिसतो. तसा अभ्यास खर्चिक असतो आणि बहुतेक देशांत तो नाही. त्याच्या अभावी एका वेळच्या पाहणीवर कारण-परिणामाचे ओझे लादले जाते, जे ती पेलू शकत नाही.

शाळेत उपस्थिती आहे की नाही, एवढेच विचारून थांबल्यास काय निसटते याचे एक उदाहरण देते. तोच आठ वर्षांचा मुलगा ‘शाळेत जातो’ या रकान्यात ‘होय’ म्हणून नोंदलेला आहे, आणि तो खरोखर रोज जातो. प्रश्नसंच संपल्यावर मी त्याच्या आईला विचारले होते की तो वर्गात दिवसभर काय करतो. तिने सांगितले, “फळा पुसतो. बाईंनी त्याला तेच काम दिलंय. त्याला आवडतं.” शाळेतल्या परिस्थितीविषयी, म्हणजे शिक्षकांचा दृष्टिकोन, इमारतीची सुगम्यता, खर्च यांविषयी स्वतंत्र प्रश्नसंचही याच दोन संस्थांनी तयार केला आहे, आणि बाल कार्यक्षमता प्रश्नसंचाची शिक्षकांनी भरायची आवृत्तीही आहे. केवळ मूळ चोवीस प्रश्न घेऊन शिक्षणावर निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे दोन्ही सोबत का घेऊ नयेत, हे मला कळत नाही.

एका वापराबद्दल मात्र स्पष्ट विरोध नोंदवते. हा प्रश्नसंच लोकसंख्येच्या पातळीवरचा आहे. तो एखाद्या मुलाचे निदान करत नाही, आणि त्यावरून मुलाला कोणत्या वर्गात बसवायचे, प्रवेश द्यायचा की नाही, हे ठरवता येत नाही. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून तो भरून घेणारी शाळा मी पाहिली आहे. ज्या आईने प्रामाणिकपणे ‘खूप अडचण’ असे लिहिले, तिला दुसरी शाळा शोधायला सांगण्यात आले. पुढच्या वेळी ती काय लिहील?

पदव्युत्तर प्रबंधासाठी, राष्ट्रीय आकडेवारीसाठी, आधीपासून चालू असलेल्या एखाद्या पाहणीला अपंगत्वाची बाजू जोडण्यासाठी हा प्रश्नसंच मी निःशंकपणे सुचवेन. मोठ्या मुलांची पूर्ण आवृत्तीच घ्यावी; वेळ वाचवण्यासाठी वॉशिंग्टन ग्रुपचा सहा प्रश्नांचा छोटा संच मुलांना लावू नये, कारण तो प्रामुख्याने मोठ्यांसाठी आहे आणि वागणे, मैत्री, चिंता या अडचणी त्यात येतच नाहीत. प्रशिक्षणाला निदान दोन पूर्ण दिवस ठेवावेत आणि दुसरा दिवस खऱ्या पालकांसोबत घालवावा. पुढच्या आवृत्तीकडून माझी मागणी छोटी आहे: वाचनाच्या चाचणीची ब्रेलमधली आणि मोठ्या अक्षरांतली प्रत पथकाच्या पिशवीत असावी, आणि जिथे चाचणी देता आली नाही तिथे ‘वाचता येत नाही’ याहून वेगळा असा एक रकाना असावा, ज्यात प्रगणक लिहू शकेल की मुलाला विचारण्याची सोय आमच्याकडे नव्हती.